वजन जूनमध्ये घसरतं, पण ठरतं भाद्रपदात

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तुम्हाला वर्ष होत आलंय. गेल्या पावसाळ्यात तुमच्या पाड्यांवर ११ मुलं सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात होती. ग्राम बाल विकास केंद्रात ८ सुधारली. दिवाळीनंतर त्यांची घरं वीटभट्ट्यांवर जगायला गेली, जूनमध्ये परतली, आणि त्या आठांतली ६ पुन्हा सॅममध्ये निघाली. वरिष्ठ म्हणतात की आईबाप निष्काळजी आहेत, समुपदेशन वाढवा. तुम्ही विचारता की समुपदेशन कसं करू म्हणजे ते टिकेल. चौदा महिन्यांच्या एका मुलीचं तुम्ही वेगळं लिहिलंय, तिच्याकडे मी शेवटी येते.

जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड ह्या तीन तालुक्यांत मी २३ वर्षं काम केलं. सुरुवात पोषणापासून झाली. मुलांच्या वजनामागे जात जात मी रोजगार हमीच्या अर्जांपर्यंत आणि वनहक्काच्या दाव्यांपर्यंत पोचले. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या बोलण्यात खोट नाही. तुम्ही पोचता तेव्हा उशीर झालेला असतो. जूनमध्ये दंडाचा घेर मोजायची दंडपट्टी जो आकडा दाखवते तो आदल्या भाद्रपदात ठरून गेलेला असतो, ज्या दिवशी त्या मुलाचा बाप भट्टीवाल्याकडून बयाणा घेतो त्या दिवशी.

आधी थोडं मागचं सांगते, कारण वरिष्ठांचं ते वाक्य मी नोकरीतल्या माणसांकडून इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर द्यायलाच हवं. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि सगळ्या राज्याचं लक्ष इकडे वळलं. मग १९९५ ची नवसंजीवन योजना आली, पुढे आशा आल्या, बाल विकास केंद्रं आली, २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार सुरू झाला. ह्या सगळ्यानं जीव वाचले. पूर्वी दर पावसाळ्यात जी मुलं जायची त्यांतली कितीतरी आज जगतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण जगलेलं मूल भरतंय का, ते वेगळं विचारावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं २०१५-१६ ला २५.६ टक्के होती, आणि २०१९-२१ लाही २५.६ टक्केच. त्यांतली तीव्र प्रकारची ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. संपूर्ण राज्यातले आईबाप एकदम निष्काळजी झाले असं कुणी म्हणणार आहे का? जेवढी मुलं आपण केंद्रातून सुधारून घरी पाठवतो, जवळपास तेवढीच पुन्हा यादीत येतात, आणि अनेकदा ती तीच असतात.

पाड्यावरचं वर्ष कसं चालतं ते एकदा वहीत मांडून बघा. मृगाच्या आसपास माणसं भट्टीवरून परततात. हिशोबात काही उरलं असेल तर हातात थोडे पैसे, नाहीतर उलट अंगावर बाकी. त्यातून बी-बियाणं आणि छपरावरचं प्लास्टिक. मग आवणी, म्हणजे भाताची लावणी. आषाढ-श्रावणात घरातली नागली-वरई संपलेली असते आणि नवं पीक अजून शेतात उभं असतं. आवणी उरकली की काम नाही. रेशनचं धान्य महिनाभर पुरत नाही, म्हणून उरलेले दिवस रानभाज्या, कंद, खेकडे, बांबूचे कोंब आणि दुकानदाराची उधारी ह्यांवर निघतात. जुलाब आणि ताप ह्याच दिवसांत, म्हणजे दवाखान्याला पैसेही ह्याच दिवसांत लागतात. नेमका तेव्हा, गणपतीच्या आगेमागे, भट्टीसाठी मजूर जमवणारा मुकादम पाड्यावर येतो आणि काही हजार रुपये बयाणा हातात ठेवतो. कुणी ते पोराच्या आजारपणासाठी घेतं, कुणी सणासाठी, कुणी लग्नातलं जुनं देणं फेडायला. त्या दिवशी पुढच्या सहा-सात महिन्यांची नवराबायकोची मेहनत विकली गेली. तुम्ही आश्विन-कार्तिकात जाऊन त्या आईला सांगता की बाळाला घेऊन जाऊ नको. तिच्याकडे तेव्हा हो किंवा नाही म्हणायला जागाच राहिलेली नसते.

ह्या भागात स्थलांतराला लोक काय म्हणतात ते तुम्ही ऐकलंच आहे: जगायला जाणं. कामाला जाणं म्हणत नाहीत, कमवायला जाणंही म्हणत नाहीत.

आता भट्टीवरचा दिवस. माझी पहिली चार-पाच वर्षं मी पाड्यावरच बोलत राहिले: हिरव्या भाज्या, चार वेळा भरवणं, उकळलेलं पाणी. एका बाईनं शांतपणे विचारलं, चार वेळा भरवायला मी बाळाजवळ असते कधी? त्या वर्षी मी भिवंडीकडच्या एका भट्टीवर तिच्या झोपडीत तीन रात्री राहिले. रात्री दोन-अडीचला नवराबायको उठली, चिखल मळला, आणि उजाडून ऊन तापेपर्यंत विटा थापल्या. मोबदला हजार विटांमागे, म्हणजे बाळाला पाजायला ती उठली की तेवढ्या विटा कमी. नऊ-दहा वाजेपर्यंत बाळ झोळीत, आणि झोळीशी आठेक वर्षांची बहीण. रडलं की ती कोऱ्या चहात बुडवलेलं बिस्कीट भरवायची. आई आली, अंगावर पाजलं, अकराला भात आणि सुकटीचं कालवण झालं. बाळाला त्यातला भात मिळाला. दुसरं जेवण दिवेलागणीला. आठवड्याची खर्ची बाजाराच्या दिवशी मिळते. पुढच्या बाजारापर्यंत तांदूळ पुरवायचा म्हणजे तेल आणि डाळ आधी आखडतात.

ह्याला शरीराच्या बाजूनं बघा. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचं पोट वाटीएवढं. एका वेळी ते फार खाऊ शकत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा आणि तेल, शेंगदाणा, अंडं असं कमी आकारात जास्त ऊर्जा असलेलं खाणं लागतं. तुमच्या केंद्रात तीस दिवस नेमकं हेच झालं: ठरावीक वेळा, भरवणारं माणूस, ऊर्जेचं खाणं, औषधं. वजन वाढलं कारण उपचार बरोबर होता. पण सॅममधून नुकतंच बाहेर आलेलं मूल म्हणजे उभारलेली, पण अजून न वाळलेली भिंत. त्याच्या अंगात साठा नसतो. दोन वेळच्या पांढऱ्या भातावर आणि भट्टीच्या टाकीतल्या पाण्यावर एक जुलाबाचं आजारपण आलं की महिनाभराची कमाई आठवड्यात जाते. ते उपचार अपुरे होते म्हणून झालं असं समजू नका. उपचार जिथे संपले तिथून पुढचे सात महिने त्या मुलाचं जेवण कुणाच्याच हातात नव्हतं.

त्या आठ वर्षांच्या बहिणीकडे मात्र जरा थांबा, कारण ती आपल्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. घरातली मोठी मुलं आश्रमशाळेत राहू शकतात, तिथे त्यांना जेवण आहे. शाळेत ठेवता न येणारं, म्हणजे सहाच्या आतलं मूल आईबापांबरोबर जातं. म्हणून यादीत तेच येतं. आणि त्याला सांभाळायला दुसरी-तिसरीतली मुलगी शाळेतून काढली जाते. धाकट्याचं वजन आणि थोरलीची शाळा हा एकच प्रश्न आहे, पण एक तुमच्या खात्यात जातो, दुसरा शिक्षण खात्यात, आणि आश्रमशाळा तिसऱ्याच, आदिवासी विकास खात्यात. मी एका केंद्रशाळेच्या गुरुजींबरोबर बसून दोन याद्या शेजारी ठेवल्या होत्या: दिवाळीनंतर गैरहजर झालेल्या मुली आणि सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलांची घरं. निम्म्याहून जास्त घरं तीच. तुमच्या शाळेत हे करून बघा, एका दुपारचं काम आहे.

मग करायचं काय? तुमच्याकडे आता आषाढ सरत आलाय. मुकादम यायला महिना-दीड महिना आहे, आणि तुमचं खरं काम ह्याच दिवसांतलं आहे.

ज्या घरांत सॅम-मॅम मूल किंवा गरोदर बाई आहे त्या प्रत्येक घरी जाऊन तीन गोष्टी विचारा. जुनी बाकी किती आणि कुणाची, यंदा बयाणा घ्यायचं ठरलंय का, आणि तो कशासाठी लागणार आहे. पोषणाचं त्या दिवशी काही बोलू नका. उत्तरं ऐकून तुमच्या लक्षात येईल की काही घरं खरोखर तीन-चार हजारांच्या अडचणीसाठी सात महिने विकतात. अशी घरं थांबवता येतात. बचत गटातून कर्ज, मातृवंदना योजनेचा अडकलेला हप्ता, रेशनकार्डात न चढलेली नावं, जातीच्या दाखल्यावाचून अडलेला लाभ, ह्यातलं काही ना काही बहुतेक घरी सापडतंच. रेशनकार्डात दोन मुलांची नावं चढली तर महिन्याला १० किलो धान्य वाढतं, हे साधं गणित मी किती उशिरा केलं. अंत्योदय कार्डावर मात्र माणसी मोजत नाहीत, घराला ३५ किलो ठरलेले, तिथे हा उपाय नाही.

दुसरं, काम. महाराष्ट्रानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, देशाच्या कितीतरी आधी. कामाची लेखी मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, हा हक्क आहे. व्यवहारात लोक तोंडी मागतात, तोंडीच नकार मिळतो, आणि कागदावर मागणीच नव्हती असं निघतं. म्हणून लेखी अर्ज आणि तारखेची पोच, हे दोन कागद सोडू नका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाची कामं ठरतात. दिवाळी सरताच सुरू होईल असं पाड्याजवळचं काम, बांधबंदिस्ती, मजगी (उतारावर खाचरं पाडणं), रस्ता, तेव्हाच शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत घ्यायला लावा. लोक तुम्हाला विचारतील, सीएचओचा, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा, ह्यात काय संबंध? तुमच्याकडे जी यादी आहे ती दुसऱ्या कुणाकडे नाही, हाच संबंध. नवसंजीवनच्या तालुका आढाव्यात, मुलांची नावं न वाचता, अमुक पाड्यावर इतकी घरं अशी आहेत, तिथे कार्तिकात काम सुरू व्हावं, एवढं एक पत्र द्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घेऊनच द्या, म्हणजे तुमच्या एकटीवर किंवा एकट्यावर येणार नाही.

इथे आमची जी ठेच लागली ती सांगते. एका पाड्यावर आम्ही श्रावणातच सगळ्यांचे अर्ज भरले. भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांत बांधबंदिस्ती सुरू झाली. आम्हाला वाटलं, जिंकलो. पहिली मजुरी खात्यात यायला जवळजवळ दोन महिने लागले. तोवर उधारी बंद झाली, आणि पौष लागता लागता निम्मी घरं भट्टीवर गेली. आम्ही काम मागितलं होतं, पण घर काय खाणार हे विचारलंच नव्हतं. भट्टीवर पैसे कमी मिळत असतील, पण दर आठवड्याला मिळतात. पुढल्या वर्षी त्याच पाड्यावर बायकांच्या गटाकडे तांदूळ आणि नागली आधी भरून ठेवली. मजुरी आली की परतफेड. त्या वर्षी लहान मुलं असलेली बरीच घरं थांबली. सगळी नाही. ज्यांच्या अंगावर मागच्या वर्षाची बाकी होती ती गेलीच. पण थांबलेल्या घरांतली मुलं होळीला मोजली तेव्हा त्यांतलं एकही सॅममध्ये गेलेलं नव्हतं. एका पाड्यावरचा हा अनुभव आहे, मी त्याला पुरावा म्हणत नाही. पण त्यानंतर मजुरीच्या तारखेची चौकशी केल्याशिवाय मी कुणाला थांबा म्हटलं नाही. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायची तरतूद २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानं आणली होती. ग्रामरोजगार सेवकाला ती मागून घ्या, म्हातारी आजी त्या कामाला उत्तम.

तिसरं, जमीन. हे एका हंगामात होणार नाही, तरी लिहिते, कारण वीस वर्षांच्या अंतरानं मागे बघताना मला सगळ्यात टिकलेला फरक इथेच दिसतो. आपल्या भागात कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात. कागद नाही, म्हणून विहीर नाही, बांधबंदिस्ती नाही, झाडं लावायची हिंमत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीचा हक्क दिला, आणि तो नवराबायको दोघांच्या नावानं. दावा ग्रामसभेत सुरू होतो, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. कितीतरी दावे पुरावा अपुरा म्हणून फेटाळले गेलेत, आणि मंजूर झालेल्यांत कसलेल्यापेक्षा कमी क्षेत्र लिहिल्याच्या तक्रारी आहेत. त्या घरांनी अपील केलंय का, हे विचारणारं माणूस पाड्यावर हवं.

पट्टा, म्हणजे ह्या हक्काचा कागद, मिळाला म्हणून मूल लगेच भरत नाही. दोन-तीन वर्षांत जमीन सपाट होते, शेततळं किंवा विहीर येते, आंबा-काजूची वाडी उभी राहते. विक्रमगड-जव्हारकडे पट्ट्यावर आणि खातेजमिनीवर मोगरा लावलेली घरं मी बघितलीत. कळ्या पहाटे खुडायच्या, गाडीनं दादरच्या फुलबाजारात धाडायच्या. त्या घरात हिवाळा-उन्हाळ्यात हातात रोज थोडे पैसे येतात, आई रात्री घरी असते, आणि मुकादमाला चहा पाजून परत पाठवता येतं. मात्र पाण्याशिवाय मोगरा नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या मोखाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, आणि इथल्याच डोंगरांतलं वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. हे माझ्या मनाला अजूनही लागतं.

सामूहिक वनहक्काबद्दल गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. २००९ मध्ये त्यांना तो हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, आणि तोडीची मजुरी गावातच मिळू लागली. ते खरं आहे आणि मोठं आहे. पण मोखाड्याच्या टेकड्यांवर तसा बांबू राहिलेला नाही. इथे सामूहिक हक्कातून आधी जंगल राखायचं, मग उत्पन्न, असा लांबचा रस्ता आहे. त्याच्या भरवशावर यंदाची मुलं ठेवू नका.

आणि एवढं करूनही बरीच घरं जातीलच. त्यांच्यावर रागावू नका, त्यांची तयारी करून द्या. जाण्याआधी प्रत्येक मुलाचं वजन-उंची आणि दंडघेर घ्या. आईला दंडपट्टी द्या, वापरायला शिकवा. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, त्याच दिवशी फोन. पिवळं म्हणजे साडेबाराच्या आत, त्या आठवड्यात फोन. अक्षरओळख नसलेल्या आया हे बिनचूक करतात. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर द्या, ओआरएस आणि झिंक द्या, अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करायला सांगा, शाळेतून थोरल्यांची शिक्षण हमी कार्डं काढून घ्या. रेशन आता कार्डावर दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळतं, फक्त अंगठा जुळायला हवा. तो पाड्यावरच्या दुकानात आधी तपासून घ्या.

मग मुकादमाचं नाव, भट्टीचं गाव, आणि तिथल्या आशाताईंचा नंबर. कागदावरची नोंद गेली तरी मूल तिथे पोचल्याचं कुणाला कळत नाही. एक फोन जातो तेव्हा कळतं. माझ्या वहीत भिवंडी, कल्याण, वसईकडच्या आशांचे नंबर होते, आणि त्यांच्यातल्या अनेकींनी माझ्यासाठी, ओळख नसताना, भट्ट्यांवर चकरा मारल्या. बाजाराच्या दिवशी जायला सांगा, त्या दिवशी थापणं बंद असतं.

भट्टीवाल्याशी बोलायची वेळ आलीच तर कशासाठी बोलतोय ते आधी ठरवा. झोपडीजवळ पाण्याची टाकी, झोळ्यांवर सावली, पाजायला आईला मधे दोन वेळा सोडणं, हे मागायला गेलात तर बरेचसे शेठ ऐकतात. मी सुरुवातीला कायद्याची भाषा करत गेले आणि फाटकं बंद झाली. पण माणसं परत येऊ दिली जात नसतील, मारहाण असेल, बाकी फिटल्यावरही अडकवलं जात असेल, तर गोड बोलण्यात एक दिवसही घालवू नका. ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्यानं ती संपवली आणि बयाण्याच्या जोरावर माणूस अडकवणं हा गुन्हा ठरवला. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडे लेखी कळवा, बरोबर एखादी जुनी श्रमिक संघटना घ्या, एकट्यानं जाऊ नका.

कुठे काय चालेल ते मात्र तुमच्या पाड्यांवर ठरेल. कातकरी घरांकडे अनेकदा कसायला जमीनच नसते, तिथे पट्ट्याची गोष्ट करून उपयोग नाही. रेशन, घरठाण आणि काम हेच. वारली, कोकणा, महादेव कोळी घरांत थोडीतरी शेती असते. काही गावांतून सगळं घर जात नाही, फक्त पुरुष मजूर नाक्यावर किंवा द्राक्षबागांत जातात. तिथे मूल घसरलं तर कारण दुसरं शोधा, आईवर घर आणि शेत दोन्ही पडलंय का ते बघा. ग्रामसेवक आणि रोजगार सेवक कसे आहेत ह्यावर तर निम्मं अवलंबून आहे. आणि तुमची बदली होऊ शकते. म्हणून वही तुमच्या नावाची ठेवू नका, उपकेंद्राची ठेवा.

आकड्यांबद्दल थोडं. सहा मुलं परत सॅममध्ये निघाली हे तुम्ही लिहून कळवलंत, ह्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. यादी लहान दिसावी असा दबाव तुमच्यावर येईल. एका वर्षी तो माझ्यावर आला आणि काठावरच्या मुलांची मोजणी पुढच्या महिन्यावर ढकलायला मी मान डोलावली. त्यांतलं एक मूल त्या महिन्यात गेलं. मोजलं असतं तर वाचलंच असतं असं कुणी डॉक्टर सांगू शकणार नाही, पण मोजलं नाही हे मला माहीत आहे. उंची मोजायला दोघं लागतात, घाईत एक सेंटिमीटर चुकतो आणि मूल यादीतून बाहेर पडतं. शंका असेल तर पुन्हा मोजा, आणि दंडघेर व वजन-उंची ह्यांपैकी एकानंही सॅम निघालं तर सॅमच लिहा.

आता ती चौदा महिन्यांची मुलगी. तुम्ही लिहिलंय की तिचा दंडघेर केंद्रातून निघताना १२.३ होता, आता ११ आहे, आणि ती भरवलेलं तोंडातून काढून टाकते. तिला ह्या सगळ्या हिशोबाबाहेर ठेवा. भूक नसलेलं सॅम मूल पाड्यावर ठेवायचं नसतं. आज पायांवर अंगठा दाबून सूज बघा, ताप बघा, भुकेची चाचणी घ्या, आणि ती नापास झाली तर गाडी बोलावून तिला बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करा. घरात कुणी खोकतंय का ते विचारा आणि क्षयरोगाची तपासणी मागा. सिकलसेलची चाचणी झालेली नसेल तर तीही. आई नको म्हणेल. तिची दुसरी दोन मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि आवणीही अर्धी राहिली असेल. तिला रुग्णालयाबद्दल समजावत बसण्याआधी तिच्या सासूशी आणि भावकीतल्या एका घराशी बोला: मुलं कोण बघणार, राहिलेलं रोप कोण लावणार. ते ठरलं की ती स्वतः गाडीत बसेल. दाखल झाल्यावर तिची बुडीत मजुरी तिच्या खात्यात येतेय ना, एवढं तुम्ही बघा.